दुसऱ्याच्या भीतीची हजेरी

कॉलेजात असताना मला सात वेगवेगळ्या आवाजांत ‘यस सर’ म्हणता यायचं. हे मी अभिमानाने सांगत नाही. पन्नाशी ओलांडल्यावर ज्या गोष्टींची लाज वाटते त्यांची मी मनाशी अधूनमधून उजळणी करतो, आणि त्यांत ही गोष्ट बरीच वर येते. एक आवाज नाकातला होता, एक घोगरा, एक सर्दी झालेला. एक आवाज धापा टाकणारा होता, म्हणजे मुलगा आत्ताच जिना चढून आला असं सरांना वाटावं. मुलं सिनेमाला जायची आणि मी त्यांच्या जागी हजर राहायचो. मला कुठे जावंसं वाटायचंच नाही, त्यामुळे हे काम माझ्याकडे आपोआप आलं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. सोलापुरात मी आणि सांगोल्याकडचा एक मुलगा एका खोलीत राहायचो. मी नातेपुत्याचा, सायन्सला. तो आर्ट्सला. त्याच्या घरी मेंढरं होती आणि घरातला कॉलेजात आलेला तो पहिलाच. रोज त्याच्या आईचा डबा एस.टी.ने यायचा. कंडक्टर तो स्टँडवर त्याच्या हातात द्यायचा आणि डब्याबरोबर गावाकडची सगळी बातमीही द्यायचा. परत जाताना इकडची बातमी रिकाम्या डब्याबरोबर तिकडे जायची. सांगोल्याला टँकर कधी येणार हे तहसीलदाराच्या आधी त्या कंडक्टरला कळत असे.

आदल्या वर्षी या मुलाचं इंग्रजीच्या पेपरात काहीतरी विचित्र झालं होतं. पेपर हातात आला, तळव्यांना घाम सुटला, छातीत कांडण सुरू झालं, आणि पंधरा मिनिटांत तो उठून दारापाशी गेला. पर्यवेक्षकांनी अर्धा तास थांबवून ठेवलं म्हणून थांबला, मग कोरा पेपर देऊन निघाला. तो एक पेपर सोडला तर बाकी सगळ्यांत पास. वडील म्हणाले, “ह्या खेपेला न्हाय जमलं तर ये माघारी. मेंढरं हाईतच.” रागावून नाही म्हणाले, त्याचाच त्याला जास्त धसका होता. एप्रिलमध्ये तो पेपर पुन्हा द्यायचा होता. तीन तास खुर्चीत बसायचं, एवढंच त्याला करायचं होतं, आणि तेवढंच त्याला जमत नव्हतं.

फेब्रुवारीत मानसशास्त्राच्या एका तरुण सरांनी कॉलेजभर एक छापील कागद वाटला. बंगळूरकडे काही दिवस शिकून आल्यापासून त्यांचे डोळे जरा जास्तच चमकत असत. कागदावर वीस प्रश्न होते. परीक्षेआधी हात कापतात का? कारण नसताना उदास वाटतं का? समोर ‘हो’ किंवा ‘नाही’वर खूण करायची. माझ्या खोलीवाल्याने प्रामाणिकपणे चौदा ठिकाणी ‘हो’ केलं. मी वीसच्या वीस ‘नाही’ केले. त्यातले सहा-सात खोटे होते. पण सायन्सच्या मुलाने असल्या कागदावर ‘हो’ म्हणायचं म्हणजे काहीतरीच, असं मला वाटलं.

आठ दिवसांनी शिपाई चिठ्ठी घेऊन आला. दर गुरुवारी चार वाजता जिमखान्याच्या खोलीत ‘व्यक्तिमत्त्व मंडळ’ भरेल, त्याला माझ्या खोलीवाल्याने यावं. खरं नाव होतं समूहोपचार, पण प्राचार्य म्हणाले होते की ‘उपचार’ शब्द फळ्यावर लागला तर पालक दवाखान्याची चौकशी करत येतील.

चिठ्ठी वाचून त्याचा चेहरा उतरला. “मी न्हाय जात.”

“अरे, तुझ्यासाठीच आहे ते.”

“कंडक्टरला कळलं तर? कंडक्टरला कळलं म्हंजी गावाला कळलं. पोरगं येडं झालंय म्हणत्याल. लगीन तरी हुईल का माजं?” चिठ्ठी माझ्याकडे सरकवत तो म्हणाला, “तू जा की.”

“मी?”

“माज्या नावानं हजेरी दे. सरांनी मला कुटं बघितलंय? काय सांगत्यात त्ये ऐकून ये आन मला सांग. औषिध आणायला काय पेशंटच जातो व्हय?”

आज हे वेड्यासारखं वाटतं. त्या वेळी आम्हा दोघांनाही ते अगदी सरळ वाटलं. दोन वर्षं मी लोकांच्या जागी वर्गात बसत होतो आणि ते पास होत होते. मोबदल्यात डब्यातली एक शेंगापोळी मला, असं ठरलं. त्या बाईच्या हाताच्या शेंगापोळीसाठी मी याहून वाईट कामंही केली असती.

जिमखान्याच्या खोलीत मधोमध मलखांब होता. तो काढता येत नव्हता, म्हणून सरांनी खुर्च्यांचं कोंडाळं मलखांबाभोवतीच मांडलं होतं. त्याला चोळलेल्या एरंडेलाचा वास नाकात भरायचा, आणि समोर बसलेल्या माणसाशी बोलायचं तर एका बाजूला झुकावं लागायचं. सरांनी सहा जणांना बोलावलं होतं, आले तिघे. एक मी. दुसरा एका शिंप्याचा मुलगा, दखनी बोलणारा, त्याला नको तिथे हसू फुटायचं. मयतीत, तोंडी परीक्षेत, प्राचार्यांसमोर. तिसरी विणकराच्या घरातली एक तेलुगू मुलगी. चार माणसांत तिचा गळा बंद व्हायचा आणि शब्दच फुटायचा नाही. घरचे तिला एकटीला पाठवेनात, म्हणून सोबत तिची आत्या यायची. मांडीवर सूप, सुपात टेंभुर्णीची पानं आणि तंबाखू. आत्या बिड्या वळत बसायची.

“बाई, इथे हे…” सर पहिल्या दिवशी चाचरत म्हणाले.

“तुमी बोला की सार. माझं हात चाललंय, कान रिकामंच हाय.”

सरांनी हजेरी घेतली. त्यांनी माझ्या खोलीवाल्याचं नाव पुकारलं आणि मी जरा खालच्या पट्टीत, सांगोल्याला शोभेल असा ‘हजर’ दिला. सर म्हणाले, इथे दोनच नियम आहेत. इथलं बाहेर सांगायचं नाही, आणि प्रत्येकाने फक्त स्वतःबद्दल बोलायचं. मला पहिल्या पाच मिनिटांतच दोन्ही मोडावे लागणार होते. मी मलखांबाच्या बरोबर मागची खुर्ची धरली.

मग त्यांनी मुलीला विचारलं, “तुम्हाला काय त्रास होतो?”

“तिचं गळा धरतंय सार,” आत्या म्हणाली.

“त्यांना बोलू द्या.”

“बोलली असती तर आणलं असतं काय हितं?”

शिंप्याचा मुलगा फसकन हसला आणि लगेच कानाला हात लावून म्हणाला, “माफ करो सर, मेरेकू हसी रुकतीच नई.”

मग माझी पाळी आली. मी पाठ केल्याप्रमाणे इंग्रजीच्या पेपराची हकीकत सांगितली. घाम, छातीतलं कांडण, दार, मेंढरं. मी फक्त निरोप्या होतो. पण सांगता सांगता सर पुढे झुकले. शिंप्याचा मुलगा हसायचा थांबला. आत्याच्या हातातली बिडी अर्धवट राहिली आणि ती म्हणाली, “अय्यो, लेकराचं काय हाल.”

माझ्या आयुष्यात इतक्या लोकांनी इतका वेळ माझ्याकडे लक्ष दिलं नव्हतं. मी तिथेच मेंढरांची संख्या बावीसवरून चाळीस केली.

सरांची पद्धत सोपी होती. चार अंक मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. आणि भीतीला रोज दहापैकी गुण द्यायचे. संध्याकाळी खोलीवर मी हे समजावून सांगितलं.

“पास किती गुणांना?” त्याने विचारलं.

“इथे भीतीला नापास करायचंय.”

त्याला ते फार आवडलं. आजवर नापास होणारा तोच होता. आरशाच्या कडेला त्याने कागद चिकटवला आणि रोज सकाळी आकडा लिहू लागला. नऊ. नऊ. साडेआठ.

दुसऱ्या गुरुवारी मी वाहवलो. मी त्याच्या आईबद्दल बोलत होतो, निकाल ऐकून ती पदर तोंडात धरून रडली असं काहीतरी. आत्याने डोळे पुसले, माझेही भरून आले, आणि या गडबडीत सरांनी त्या आठवड्याचा गृहपाठ काय दिला ते मी विसरलो. खोलीवर आलो तर हा पोळी पुढे करून वाट बघतोय. विसरलो म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, “सकाळी शंभर पावलं उलटं चालायचं. मागे न बघता. त्याने भीती मागे पडते.”

तो लगेच तयार झाला. आमची खोली गच्चीला लागून होती, आणि मालकीणबाईंनी गच्चीवर लुगडं अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या. त्रेसष्टाव्या पावलाला तो कुरडयांवरून गेला. मालकीणबाईंचं ओरडणं सात रस्त्याच्या चौकापर्यंत ऐकू गेलं असेल.

“सरांनी सांगितलंय!” तो ओरडून म्हणाला.

“कुठला सर कुरडया तुडवायला सांगतो रे मेल्या?”

मला तेव्हा हसू आलं. आता येत नाही, किंवा येतं आणि मग लगेच वाईट वाटतं. कारण तो उलटं चालणं पुढेही करत राहिला, स्टँडमागच्या मोकळ्या जागेत, आणि मला येऊन सांगायचा, “फरक हाय. आज आठ.”

तिसरा गुरुवार, चौथा गुरुवार. त्याच्या गोष्टी संपत आल्या आणि सर तर दर वेळी “आणखी काय वाटतं?” म्हणून विचारायचे. तेव्हा मी दुसरंच बोलू लागलो. कुठून यायचं कुणास ठाऊक. मी सांगितलं की मी रविवारी सात रस्त्यावर जाऊन उभा राहतो, आणि सातांपैकी एकाही रस्त्याने जावंसं वाटत नाही, म्हणून परत येतो. मी सांगितलं की घरी दर आठवड्याला ‘मी मजेत आहे’ असं पोस्टकार्ड टाकतो, वडील ते बाजारात चार जणांना वाचून दाखवतात, आणि त्या चार जणांसाठी मला दर आठवड्याला मजेत राहावं लागतं. मी सांगितलं की सकाळी नळाखाली बादली भरते, वाहते, आणि मी अंघोळ कशासाठी करायची याचा विचार करत बघत बसतो.

सर हे सगळं वहीत लिहून घेत होते. पाचव्या आठवड्यात त्यांनी सर्वांसमोर माझं कौतुक केलं. “यांच्यात किती सुधारणा आहे बघा. पहिल्या दिवशी आवाज खोल गेला होता. आज किती मोकळं बोलतात.” आवाज खोल गेला नव्हता, मी तो मुद्दाम खाली नेला होता, पण तसं कसं सांगणार? सर म्हणाले, हे उदाहरण आपण विद्यापीठाकडे पाठवू. मी मान खाली घातली. त्यालाही त्यांनी नम्रता म्हटलं.

त्याच संध्याकाळी खोलीवाला डबा उघडता उघडता म्हणाला, “आरशावर सात आलाय, बघितलास का? फुडल्या गुरुवारी मीच जातो म्हणतो. कंडक्टरचं काय व्हायचं ते हू दे. सरांस्नी एकदा भेटावं.”

आता मी जे लिहिणार आहे ते लिहिण्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. परीक्षेला तीन आठवडे होते. त्याला जायला हवं होतं, आणि मला ते माहीत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे आली ती माझी मलखांबामागची खुर्ची, आत्याचं ‘अय्यो’, सरांची वही. मी म्हणालो, “सरांना मी आपलं खरं सांगून टाकलंय. ते म्हणाले, त्याला आणू नकोस.”

“का?”

“म्हणाले, तुझ्यासारख्याला बघून बाकीच्यांना त्रास होईल.”

डब्याचं झाकण त्याने परत लावलं. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि शेंगापोळी माझ्या पुढ्यात ठेवून गच्चीवर जाऊन बसला. ठरलेली होती ना. मी ती खाल्ली. होय, खाल्ली. दुसऱ्या दिवशी आरशावर दहा लिहिलेला होता.

मी रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज आरशावर दहा असायचा. गुरुवार आला.

त्या गुरुवारी हजेरी झाली, मी त्याच्या नावाने ‘हजर’ म्हणालो, आणि दारात तो उभा. धुतलेला सदरा, तेल लावून चापून बसवलेले केस. घामाने निथळत होता. हाताचे अंगठे मुठीत धरले होते आणि ओठ हलत होते. चार मोजत होता.

“सर,” तो म्हणाला, “तुमी मला येऊ नको म्हणलासा. पर मी आलोय. लांबच बसतो. कुणाला तरास देत न्हाय.”

“मी? मी कधी म्हणालो? आपण कोण?”

त्याने आपलं नाव सांगितलं.

सरांनी वहीकडे बघितलं, मग मलखांबाकडे. “हे नाव तर… यांचं आहे.”

“गाव कुठलं?” आत्याने विचारलं.

“सांगोल्याकडचं.”

“ह्याचं बी सांगोलाच हाय की. बाप काय करतंय?”

“मेंढरं हाईत.”

“ह्याला बी मेंढरं!” आत्या सूप बाजूला ठेवून उभीच राहिली. “इंग्लिशमदे गेलाय काय?”

“व्हय.”

शिंप्याचा मुलगा हसू लागला. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, मग रुमाल कोंबला, शेवटी खुर्चीसकट मागे सरकला. बाकीचे तिघे मात्र मलखांबाच्या दोन्ही बाजूंनी झुकून माझ्याकडे बघत होते. मी पहिल्यांदाच नीट सगळ्यांना दिसत होतो.

मी सांगितलं. प्रॉक्सी, शेंगापोळी, उलटं चालणं, आणि ‘आणू नकोस’ हे मीच रचलं तेही. खोलीवाला माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, मारेल. तो फक्त म्हणाला, “आन मी सात दिस सरांवर राग धरून बसलो. सर, माप करा.” त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात एक आवाज आला. बारीक, थरथरणारा, आम्ही कुणी आजवर न ऐकलेला. ती मुलगी उभी होती. “तुम्ही,” ती मला म्हणाली, “फार वाईट केलं. मला खरं बोलायचं असून बोलता येत नाही. आणि तुम्हाला येतं तर तुम्ही… दुसऱ्याचं बोलता?”

सरांचा चेहरा उजळला. “बोलल्या! त्या बोलल्या!”

“तीन वाक्य बोललं!” आत्या बोटं दाखवत म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. माझ्या पापाने एकीचा गळा मोकळा झाला होता, पण मी ते माझ्या बाजूला कसं धरणार? सर काही क्षणांनी खाली बसले. त्यांनी चष्मा काढून पुसला. वहीची सहा पानं त्यांनी एकदा चाळली आणि वही हताशपणे मिटली. “आता यातलं खरं कुणाचं आणि खोटं काय, हे मी कसं ठरवू?”

“त्यात काय सार,” आत्या नाक पुसत म्हणाली. “भावाभावात भांडी वाटत्यात तसं वाटा. एकेक वाचा. ज्याचं त्यानं उचलायचं.”

आणि खरोखर तसंच झालं. सर वाचू लागले.

“इंग्रजीच्या पेपरातून उठून गेले.”

“माजं,” खोलीवाला म्हणाला.

“तळव्यांच्या घामाने शाई फिसकटते.”

“माजं.”

“घरी चाळीस मेंढरं.”

“बावीस.”

सरांनी खोडून बावीस केलं. “निकाल ऐकून आई रडली.”

“न्हाय हो. आई हसली. म्हणली, बरं झालं, आता तरी घरी ऱ्हाशील.” मग हळूच, “त्येचंच जास्त वाईट वाटलं.” सर ते लिहून घेताना मान डोलवत होते. सहा आठवड्यांत प्रथमच त्यांना काहीतरी खरं मिळालं होतं.

“रविवारी सात रस्त्यावर उभं राहणं.”

“मी कशाला हुबा ऱ्हातोय तितं? माजा डबा स्टँडवर येतो.”

“घरी पोस्टकार्डं, मजेत आहे म्हणून.”

“पोस्टकार्ड कशाला? कंडक्टर हाय की.”

“सकाळी बादली वाहत राहते आणि…”

“त्ये ह्योच,” त्याने माझ्याकडे बोट केलं. “रोज. मालकीण बोंबलती रोज. मीच जाऊन नळ बंद करतो.”

वाटणी झाली. त्याने आपलं सगळं उचललं, आणि वहीत तीन गोष्टी उरल्या. सरांनी विचारलं, “मग या तीन कुणाच्या?”

मी मलखांबाकडे बघत होतो.

“खांबाच्या असत्यात काय?” आत्या म्हणाली.

सरांनी नवीन पान काढलं आणि माझं नाव विचारलं. माझं स्वतःचं. सात आवाज होते माझ्याकडे, त्यांतला एकही निघेना. तोंड उघडलं, बंद केलं. शिंप्याच्या मुलालाही हसू आलं नाही. शेवटी माझ्या शेजारून खोलीवाल्याने माझं नाव सांगितलं आणि वर म्हणाला, “हजर हाय, सर.”

त्यानंतर दोनच गुरुवार उरले. सरांनी बोलणं कमी केलं आणि जिमखान्यातच परीक्षा भरवली. इंग्रजीचा जुना पेपर उलटा ठेवायचा, लोखंडी डंबेलवर घंटा वाजवायची, आम्ही बाकीचे परीक्षार्थी. पर्यवेक्षक आत्या. ती सूप काखेत घेऊन रांगांमधून फिरायची आणि म्हणायची, “कुनी कुनाचं बघायचं नाय. बघितलं तर सार मार्क कापतेत.” पहिल्या दिवशी तो दहाव्या मिनिटाला दारात पोचला. सर म्हणाले, दारापर्यंत जायला हरकत नाही, पण परत यायचं. पाणी प्यायचं आणि परत यायचं. पुढल्या गुरुवारी तो दोनदा उठला, दोनदा परत आला, तासभर बसला. तासभरच. पेपर तीन तासांचा होता.

मी त्याची माफी मागत होतो. सकाळी मागायचो, जेवताना मागायचो. चौथ्या-पाचव्या दिवशी तो म्हणाला, “आता बास कर. तुज्या माफीनं माजा आकडा चढतोय.” मग मी मनातल्या मनात मागू लागलो.

पेपर अकराला होता. माझा दुसऱ्या दिवशी होता, म्हणून मी कॉलेजच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली बसलो. भाची आत होती म्हणून आत्याही तिथेच, सूप घेऊन. एप्रिलचं सोलापूर, भिंतीकडे बघितलं तरी डोळे दुखत. साडेअकराची घंटा झाली, म्हणजे आता कुणालाही उठून जाता येणार. दोन-तीन मुलं बाहेर पडली, आरामात, पान खायला निघाल्यासारखी.

“आला काय?”

“नाही.”

पावणेबाराला तो व्हरांड्यात आला.

मी उभा राहिलो. तो रांजणापाशी गेला, पाणी प्यायला. ओंजळभर तोंडावर मारलं. मग त्याने फाटकाकडे बघितलं. फाटक सताड उघडं होतं आणि त्याच्यापलीकडे स्टँडला जाणारा रस्ता होता. वाटेत कुणी नव्हतं, फक्त मी. त्याने मला पाहिलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आत जा. पण त्याच्या वतीने बोलायची मला आता हिंमत नव्हती. माझी बोटं आपोआप हलत होती, चार, मग सहा. तो बराच वेळ उभा होता. मग सदऱ्याला हात पुसून आत गेला.

“परत गेलं?” आत्याने विचारलं.

“गेला.”

“बस मग खाली. माझं सूप सांडशील.”

एकाची घंटा झाली. दोनची झाली. मुलं लोंढ्याने बाहेर आली, आत्याची भाची आली आणि तिने स्वतःहून सांगितलं की पेपर बरा गेला. सगळे पांगले. तो सगळ्यांत शेवटी आला, कॉलरपर्यंत शाई, सदरा पाठीला चिकटलेला.

“किती?” मी विचारलं.

“आठ.”

“आठ? मग बसलास कसा?”

“आठ असली तरी बसता येतंय की,” तो म्हणाला. जणू मीच काहीतरी बावळट विचारलं होतं. “पेपराचं म्हाईत न्हाय. लिवलंय काय काय. पर घंटा होस्तवर बसलो.”

लिंबाखाली बसून त्याने सकाळी स्टँडवरून आणलेला डबा उघडला. एक पोळी त्याने आत्याला दिली. मग मला विचारलं, “तुजी किती?”

सहा आठवडे मी त्याचे आकडे सगळ्यांना सांगितले होते. माझा मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही नाही. मी खरोखर विचार केला. दुसऱ्या दिवसाचा पेपर, नातेपुत्याला टाकायचं पोस्टकार्ड, सात रस्ता, रोज सकाळची बादली.

“नऊ,” मी म्हणालो.

त्याने घास थांबवला. “माज्यापरीस जास्त?”

“हो.”

“गप. तुजं काय खरं असतंय व्हय?” असं म्हणून त्याने माझ्याकडे नीट बघितलं, बराच वेळ. मग उरलेली शेंगापोळी मधोमध मोडली, आणि मोठा तुकडा कुठला ते दोनदा पारखून, तो माझ्या हातावर ठेवला.